2,31,000 रनिंगची इनोव्हा घेतली : वर्षभर चालवल्यानंतर

गाडी 2013 ची, 2.5 लिटर डिझेल इनोव्हा. घेतली तेव्हा मीटरवर 2,31,000 होते, आता अडीच लाखाला टेकलेत. एकच मालक, एमएच 12 पासिंग, पांढरी पाटी. किंमत साडेपाच लाखांच्या आत बसली.

आम्ही सांगलीत राहतो, घरात सात माणसं. माझं माहेर चिपळूणचं आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. म्हणजे सात जण सामानासकट बसतील, कुंभार्ली घाटात मागच्या रांगेतलं माणूस हैराण होणार नाही आणि सासूबाईंना फार वाकावं वा चढावं लागणार नाही, अशी गाडी हवी होती. एवढ्या पैशात नवीमध्ये असं काही मिळत नाही.

रनिंग ऐकून घरच्यांनी आधी नकोच म्हटलं. "दोन लाखांच्या पुढं गेलेली गाडी म्हणजे इंजिनकाम आलंच." पण त्याच आठवड्यात आम्ही 88,000 दाखवणारी दुसरी इनोव्हाही पाहिली होती. चकाचक पॉलिश, नवीन सीट कव्हर. मात्र क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा काठ बसलेला, स्टेअरिंगची वरची बाजू तुळतुळीत. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवरून जुनी नोंद काढायला सांगितली. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला 1,72,000 लिहिलेले होते. मीटर पाडलेलं होतं. ती गाडी आमच्या गाडीपेक्षा लाखभर महाग होती.

आमच्या गाडीच्या मालकांनी फाइल काढून दिली. पहिल्या वर्षापासूनची बिलं, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. ते कामासाठी पुणे–नगर सारखे जायचे. बारा वर्षांत 2,31,000 म्हणजे वर्षाला साधारण 19,000, रोजचे पन्नास-पंचावन्न, तेही बहुतेक हायवेवर. हायवेवर इंजिन एकदा तापलं की एका लयीत चालतं, क्लच कमी दाबला जातो, ब्रेक कमी झिजतात. सिग्नल ते सिग्नल चाललेली लाखभर रनिंगची गाडी मला यापेक्षा जास्त थकलेली वाटते. म्हणून आकडा कितीही मोठा असू दे, त्याच्यामागं कागद आहेत का, हेच मी आधी बघते.

बघायला सकाळी लवकर गेलो आणि आधीच सांगून ठेवलं की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण तापलेलं डिझेल इंजिन बरेच दोष लपवतं. आमच्या मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहिलं. धूर जोरानं बाहेर फेकला जात असेल तर पिस्टन रिंगा गेल्या समजायचं. इथं नावापुरती वाफ होती. एक्झॉस्टला निळा धूर नाही, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. मग लिफ्टवर चढवून चासीला गंज किंवा वेल्डिंग आहे का ते पाहिलं. इनोव्हाची बॉडी वेगळ्या चासीवर बसवलेली असते, त्यामुळे खालून बघितल्याशिवाय गाडी ठोकलेली आहे की नाही ते नीट कळत नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टायमिंग बेल्ट. इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा हा पट्टा. नंतर आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या 2.4 इंजिनात त्याजागी चेन आहे, या जुन्या 2.5 मध्ये बेल्ट. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि मग खरंच इंजिनकाम निघतं. विकणारा "नुकताच बदललाय" म्हणाला तरी बिल दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आमच्या फाइलमध्ये एकदा बदलल्याचं बिल होतं, पण त्याला बरीच वर्षं झाली होती. घेतल्या घेतल्या बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून टाकले.

पहिल्या तीन महिन्यांत एकूण खर्च नव्वद हजारांच्या आसपास गेला. बेल्टचं काम, क्लच सेट, पुढचे लोअर आर्म बुश, शॉकअप, चार टायर, इंजिन-गिअरबॉक्स-डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल. टायरांची नक्षी चांगली होती, पण बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, त्यावरून सात वर्षांचे निघाले. हे पैसे आम्ही गाडीच्या किमतीतच धरले होते. सगळं बजेट गाडी घेण्यातच संपवणार असाल तर एवढ्या रनिंगच्या वाटेला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

आता चालवण्याबद्दल. इंजिनाच्या ताकदीचा 102 पीएस हा आकडा आज लहान वाटतो, पण जोर खालच्या आरपीएमपासूनच मिळतो. सात माणसं आणि टपावर सामान असताना कुंभार्ली तिसऱ्या गिअरमध्ये बहुतेक चढते, अवघड वळणांना दुसरा. हायवेला ॲव्हरेज 13 च्या आसपास, सांगलीत 10-11. एसीची हवा मागच्या दोन्ही रांगांना छतातून मिळते. सासूबाई चिपळूणपर्यंत मधल्या रांगेत शांत झोपतात. मागची रांग खरोखर मोठ्या माणसांसाठी आहे, माझे दीर सहा फुटांचे आहेत आणि तिथं तक्रार न करता बसतात.

क्लच नवीन असूनही जड आहे, गर्दीत पाय भरून येतो. शंभरच्या पुढं इंजिनाचा आवाज आत येतो. आणि आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. ड्रायव्हरच्या एअरबॅगची सक्ती देशात जुलै 2019 पासून आली, त्याआधीची गाडी घेताना हे बघूनच घ्यावं. मला ही गोष्ट टोचते. मागच्यांनीही सीटबेल्ट लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही आणि वेग नव्वदच्या आत ठेवते.

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना सेल्फ जास्त वेळ मारावा लागू लागला. एका वर्कशॉपनं इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर नवीन टाकायला सांगितले, खर्च लाखाच्या घरात. आमच्या मिस्त्रींनी आधी लीक-ऑफ टेस्ट केली. चार बाटल्यांमध्ये चारही इंजेक्टरचं परतीचं डिझेल मोजलं, एकाचंच जास्त भरलं. तेवढा एक, डिझेल इंजिनाचे पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या दुकानात दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून पहिल्या झटक्यात सुरू होते.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेची एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलन थकलेलं आहे का ते ऑनलाइन दिसतं. विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा फरक भरावा लागतो. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसवलेली आहे का तेही पाहा.

स्वस्त म्हणून दिल्लीच्या गाड्यांचाही विचार आम्ही केला होता. तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादानं बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. म्हणून तिथल्या गाड्या कमी भावात इकडं येत होत्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नोंदणी धरली की फरक फारसा उरत नाही.

आमच्या आरसीची मुदत 2028 पर्यंत आहे. तेव्हा फिटनेस, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं मिळतील. त्यासाठी महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकतेय. अडीच लाखाच्या सर्व्हिसला मागचे ब्रेक लायनर आणि उरलेले बुश करायचेत.