७×५७ माऊजर: तयार रायफल शोधायची की बनवून घ्यायची?

अमेरिकेत येऊन हरणाच्या शिकारीला लागलेला मराठी माणूस कधी ना कधी ७×५७ ह्या काडतुसापाशी येऊन थांबतोच, कारण लहानपणापासून डोक्यात जिम कॉर्बेट असतो. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली त्याला रिग्बी ह्या ब्रिटिश कंपनीची जी रायफल भेट मिळाली ती .२७५, आणि .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माऊजरच, काडतूस तेच. १८९२ चं डिझाईन आहे पण आजही हरणासाठी इतकं गोड काडतूस क्वचितच सापडेल, धक्का कमी, गोळी लांब आणि आत खोल जाणारी. अडचण एकच, दुकानात गेलात तर रॅकवर ही रायफल नसते. मग प्रश्न येतो, जुनी फॅक्टरीची शोधत बसायची का गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) बनवून घ्यायची.

त्याआधी दोन गोष्टी उरकून घेऊ. एच-१बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, म्हणून आधी लायसन्स मग रायफल. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही, पण राज्याचे नियम प्रत्येकानं बघायचेच. आणि ओहायोत असाल तर हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीचीच, म्हणजे पुढे निमुळती न होणारी काडतुसं चालतात, ७×५७ ला मान असते, त्यामुळे तिथे हिचा उपयोग नाही, दुसऱ्या राज्यात जाऊन शिकार करणार असाल तरच विचार करा.

अजून एक खरी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे नंतर हळहळ नको. ७मिमी-०८ नावाचं काडतूस १९८० पासून आहे, गोळी तीच .२८४ इंचाची, वेग जवळपास तोच, शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये (अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट आणि त्याची यंत्रणा, ही आखूड) बसतं, आणि बऱ्याच कंपन्यांची त्यातली नवीकोरी रायफल सहज मिळते. नुसतं हरीण पाडायचं असेल तर ती घ्या आणि मोकळे व्हा. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना ७×५७ च पाहिजे, आणि तसं वाटण्यात काही गैर नाही, वर्षानुवर्षं जवळ ठेवायची वस्तू मनासारखीच असावी.

तर आधी विकत घेण्याचं. सेकंडहँड बाजारात मुख्यतः रुगर एम७७, विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट, रेमिंग्टन ७०० क्लासिक (ह्या क्लासिक मालिकेची सुरुवातच १९८१ साली ७मिमी माऊजरने झाली होती), झेक बनावटीची सीझेड ५५०, आणि एकेरी गोळीची आवड असेल तर रुगर नंबर १. रुगरने .२७५ रिग्बी असा शिक्का मारून थोड्या रायफली काढल्या होत्या त्या दिसल्या तर भाव चढाच असतो. चांगल्या अवस्थेतली रुगर साधारण ७०० ते १००० डॉलरच्या आसपास, ठिकाणानुसार फरक पडतो. रिग्बी स्वतः आजही हायलँड स्टॉकर बनवते, पण ती वेगळ्याच खिशाची गोष्ट.

विकत घेण्यातला मोठा फायदा म्हणजे हातात घेऊन बघता येते. बोल्ट (मागचा सरकता खटका) काढा, चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूनं टॉर्च मारून बॅरल आतून बघा, चेंबरच्या पुढे जिथे रायफलिंग (नळीतल्या वळणदार खाचा) सुरू होतं तो भाग काळपट, खरखरीत, मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला दिसला तर बॅरल थकलंय, मालक काहीही सांगू दे. मग नळीचं तोंड बघा, त्याच्या कडेवर म्हणजे क्राउनवर बारीकसा जरी टवका असला तरी नेम बिघडतो, अर्थात हे गनस्मिथ थोडक्यात दुरुस्त करून देतो. शक्य असेल तर त्या रायफलीतून उडवलेली एक रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच) मागून घ्या आणि तळाच्या थोडं वर चकचकीत रेघ गोल फिरलीये का ते बघा, ती दिसली तर केस ताणली जातेय, गनस्मिथनं हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी भानगड म्हणजे थ्रोट, चेंबर आणि रायफलिंगच्या मधला भाग. ह्या काडतुसाची मूळ गोळी १७३ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), लांबलचक, त्यामुळे कित्येक जुन्या रायफलींचा थ्रोट तिच्या हिशोबानं लांब ठेवलेला असतो, आणि तुम्ही १३९-१४० ग्रेनची हलकी गोळी घातलीत की ती रायफलिंगला लागायच्या आधी बरंच अंतर मोकळी उडी मारते. काही रायफली तरीही सुंदर मारतात, काही रुसतात. १०० यार्डावर तीन-तीन गोळ्यांचे गट टाकून बघितल्याशिवाय हे कळत नाही आणि विकणारा दर वेळी रेंजवर येईलच असं नाही.

आता बनवून घेणं. लोकांना वाटतं हे फार अवघड, पण ७×५७ च्या बाबतीत एक नशीब आहे, केसच्या तळाचा व्यास .२७० आणि .३०-०६ इतकाच, म्हणून त्यातली कुठलीही जुनी लाँग अ‍ॅक्शन रायफल घ्या, बोल्ट तोच राहतो, मॅगझिनही बहुतेक वेळा तसंच चालतं, फक्त बॅरल बदलायचं. शॉर्ट अ‍ॅक्शनचा मोह टाळा, भरलेलं काडतूस ३.०६५ इंचांपर्यंत लांब असतं आणि शॉर्ट मॅगझिन साधारण २.८ चं, मग गोळी केसमध्ये खोल दाबून बसवावी लागते आणि ह्या काडतुसाचा जो जीव आहे तोच जातो. स्वस्तात मिळतात म्हणून १८९३ किंवा १८९५ च्या जुन्या लष्करी माऊजरवर पैसे घालू नका, त्यांना माऊजर ९८ सारखा तिसरा सेफ्टी लग (बोल्ट अडवून धरणारा जादा खुंट) नाही आणि केस फुटली तर गॅस तोंडाकडे यायची भीती. ९८ घ्या, किंवा सरळ मॉडेल ७०, रेमिंग्टन ७००.

खर्चाचं गणित असं. जुनी रायफल ४०० ते ६००, डग्लस किंवा शिलनसारखं बॅरल ३५० ते ४५०, चेंबर कापून, बसवून, क्राउन करून घ्यायचे ३०० ते ५००, वर ब्लूइंग (गंजापासून वाचवणारा काळसर मुलामा). म्हणजे नवा स्टॉक (मागचा दस्ता) न धरताही १२०० च्या पुढे गेलात, आणि अक्रोडाचा स्टॉक म्हटलात तर त्याला वरची मर्यादाच नाही. शिवाय चांगल्या गनस्मिथकडे महिनोन् महिने रांग. आणि विकायला गेलात तर निम्मेही येणं मुश्कील, कारण घेणाऱ्याला तुमचा गनस्मिथ माहीत नसतो, फॅक्टरीच्या एम७७ चं तसं नाही, तिचा पैसा बराचसा परत येतो. कागदोपत्री मात्र सोपं आहे, कायद्यानं बंदूक म्हणजे सिरीयल नंबरवाला रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो ते धड), तो डीलरमार्फत फॉर्म ४४७३ (खरेदीचा फेडरल फॉर्म) भरून, बॅरल फेडरल नियमानं नुसता सुटा भाग.

मग बनवायची कशाला? माझ्या मते कारण एकच, तुम्ही स्वतः काडतुसं भरत असाल तर. अमेरिकन कंपन्या ७×५७ मुद्दाम सौम्य भरतात, जुन्या १८९३ च्या रायफली अजून लोकांकडे आहेत म्हणून इथली दाबमर्यादा ५१,००० पीएसआय, ७मिमी-०८ ला ६१,०००. म्हणून १४० ग्रेनची साधी फॅक्टरी गोळी २६६० फूट प्रति सेकंदाच्या आसपास सुटते. मजबूत अ‍ॅक्शन, नवं बॅरल आणि तुम्हाला हव्या त्या गोळीसाठी कापलेला थ्रोट असेल, तर रिलोडिंग मॅन्युअलमध्ये आधुनिक अ‍ॅक्शनसाठी वेगळा तक्ता दिलेला असतो त्यात राहून बराच फरक पडतो. ७मिमीच्या गोळ्यांचा तुटवडा नाही, ब्रास (भरायच्या रिकाम्या केस) प्रवी पार्टिझान, नॉर्मा, हॉर्नडी ह्यांचं मिळतं. पण नुसती दुकानातली पेटी आणून मारणार असाल तर त्या सौम्य काडतुसासाठी बाराशे-पंधराशे घालण्यात अर्थ नाही, चांगली एम७७ तेच काम तितक्याच प्रेमानं करते.

मधला एक रस्ता आहे, सॅव्हेज ११० वर बॅरल नटनं बसतं, लेथ लागत नाही, तयार चेंबर केलेलं बॅरल मागवून गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस तपासायची मापं) लावून बसवता येतं. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला पाहिजे, नो-गोवर अडायला पाहिजे, दोन्हींत फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा, म्हणून पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी असू द्या. दिसायला ती अक्रोडाची माऊजर नव्हे, पण मारते झकास आणि स्वस्तात पडते.

पहिलीच रायफल असेल तर मी कुणालाही बनवायला सांगत नाही. स्टॉकची लांबी किती पाहिजे, वजन किती झेपतं, हे दोन-तीन सीझन जंगलात हिंडल्याशिवाय स्वतःलाच कळत नाही. ज्यांना ते कळलंय आणि घरी रिलोडिंगचा बेंच आहे त्यांनी खुशाल बनवा, पण नोव्हेंबरच्या सीझनसाठी काम मागच्या हिवाळ्यातच द्या, ट्विस्ट (रायफलिंगचा पीळ) ९ इंचाला एक फेरा असा सांगा म्हणजे १७५ ग्रेनपर्यंत सगळं चालेल, आणि रीमर (चेंबर कापायचं हत्यार) कुठला, थ्रोट किती, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. चेंबर कापून झाल्यावर थ्रोट वाढवता येतो, कमी करायचा तर बॅरल मागे घेऊन पुन्हा कापावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.