पोर्टा पॉवर किट : चरकात अडकलेला हात सोडवायला कितपत कामाचं?

गॅरेजमध्ये गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करायला वापरतात तेच हे किट. पेटीत हातपंप, होज (तेलाची नळी), रॅम (तेलाच्या दाबाने बाहेर सरकणारा दांडा), जोडनळ्या, रबरी टोपी आणि डकबिल, म्हणजे बदकाच्या चोचीसारखा उघडणारा जबडा. बचावाच्या कामात खरा उपयोग या चोचीचाच.

मत आधीच सांगतो: १० टन जोराचं किट नको, ४ टनी घ्या. रसवंतीच्या चरकात बोटं गेली की गरज असते रुळांमध्ये दहा-बारा मिलिमीटर फट पाडण्याची, टनांची नाही. १० टनी किटच्या चोचीलाही जेमतेम टनभर जोर मिळतो. वर पेटी तीस किलोच्या आसपास जाते आणि गर्दीतून ती घेऊन पळणं जिवावर येतं.

पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, प्लग बाहेर आणि मोटरचा बेल्ट उतरवलेला हवा. मोटर उलटी फिरवून हात काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळाच. रुळांच्या खाचा आत जाताना चामडी सोलतात आणि उलट येताना उरलेली ओढून नेतात.

मग रूळ एकमेकांवर दाबून धरणारे बोल्ट. दोन्ही बाजूंचे आलटून पालटून, अर्धा-अर्धा आटा ढिले करा. ते जाम असतील तर कारण बहुतेक वेळा गंज नसून वाळलेला रस असतो. त्याला तेल उपयोगी पडत नाही. कोमट पाणी ओतलं की साखर विरघळते आणि पाना फिरतो. हातोडा नको, कारण प्रत्येक ठोका थेट चिरडलेल्या हाडापर्यंत पोचतो.

चोच बंद असतानाही साधारण १५ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे ती रुळांच्या फटीत शिरत नाही. ती रुळांच्या बाहेर, दोन शाफ्टच्या मध्ये बसवा. शाफ्टचा व्यास रुळापेक्षा लहान, म्हणून तिथे जागा मिळते. गिअरच्या बाजूला मात्र आधी गार्ड काढावा लागतो.

या किटचा मोठा दोष असा की चोच एकच मिळते. एका टोकाला उघडत राहिलात की रूळ तिरका होतो आणि दुसऱ्या टोकाला बोटं आणखी आवळली जातात. म्हणून एका बाजूला तीन-चार मिलिमीटर उघडा, तिथे सागवानी पाचर सरकवा, मग चोच दुसऱ्या बाजूला न्या. पाचरी पेटीत येत नाहीत. सहा-आठ आधीच कापून ठेवा. पाचरीशिवाय रिलीज व्हॉल्व्ह (पंपाचा दाब सोडणारी चावी) सैल झाला तर रूळ पुन्हा हातावर बसतो.

पंप मारूनही रॅम हलत नसेल तर आधी कपलर, म्हणजे होज आणि रॅमचा जोड, पाहा. तो पूर्ण आवळलेला नसेल तर तेल पुढे जात नाही. पंप आडवा ठेवा. उभा धरायचाच तर होजचं टोक खाली हवं, नाहीतर हवा खेचली जाते. तेल हायड्रॉलिकच भरा, ब्रेक ऑइलने सील फुगतात.

हे सगळं चालू असताना एक माणूस फक्त जखमीसाठी हवा. जखमीला बसवून त्याच्या कोपराला आधार द्यावा, कारण चक्कर येऊन तो खाली गेला तर सगळं वजन अडकलेल्या हातावर येतं. दिसणाऱ्या बोटांतल्या अंगठ्या सूज चढायच्या आत काढा. १०८ ची गाडी हात सुटायच्या आधी दारात हवी, कारण दाब सुटला की थांबलेलं रक्त वाहू लागतं. जाड गॉज आणि क्रेप बँडेज हाताशी उघडून ठेवा. तुटलेलं बोट ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको.

किमा मशीनसाठी मात्र हे किट काढूच नका. तिथे हात स्क्रूच्या पीळात अडकतो, उघडायला फटच नसते. तोंडाचा क्लँप सोडून बिडाचं डोकं मोटरपासून वेगळं करा आणि हातासकट रुग्णालयात न्या. तिथे भूल देऊनच ते काढतात.