उळ्याची मर: ट्रायकोडर्मा की आंबट ताक?

जून-जुलैत नाशिककडं उळं, म्हणजे रोपांसाठी कांद्याचं बी, टाकलं की आठ-दहा दिवसांत वाफ्यात टकले पडू लागतात. उपटून बघा: मान जमिनीलगत पाणचट, दोऱ्यासारखी बारीक. ही मर, पिथियमसारख्या बुरशीची.

ताक फुकटचं. चार दिवसांचं आंबट, फडक्यानं गाळून, एक लिटरला दहा लिटर पाणी. गाळलं नाही तर लोण्याच्या कणांनी झारी तुंबते. पानावरच्या भुरीला ते थोडंफार थोपवतं. मातीतल्या मरीपुढं मात्र फार टिकत नाही. वर रोज शिंपलं तर ओल वाढते, आणि ओल हेच मरीचं खाद्य.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, पुडीत मिळते) विकत आणावा लागतो, पण काम मुळाशीच करतो. किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम चोळून सावलीत सुकवा. शिवाय शंभर किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली आठवडाभर मुरवा, मग वाफ्यात पसरा. कच्चं शेण वापरलं की उलटंच होतं. आणि वरून तांब्याचं बुरशीनाशक ओतलं तर ट्रायकोडर्मालाच फटका बसू शकतो. ही चूक सर्रास होते.

वाफा सपाट असेल तर दोन्ही वाया. पंधरा सेंटिमीटर उंच गादी करा, पाणी सकाळी द्या. पडलेली रोपं उठत नाहीत. भोवतालच्या मातीसकट काढून टाका.