गोणी चढवायला फळी की पत्रा?

निफाडचा चुलतभाऊ परवा विचारत होता, पिकअपला कांद्याच्या गोण्या चढवायला-उतरवायला लाकडी फळी घेऊ का लोखंडी पत्रा?

आधी मेहनत बघू. गाडीचा हौदा ३ फूट उंच आणि फळी ६ फुटाची, म्हणजे उतार ३० अंशाचा. खरबरीत लाकडावर घर्षण गुणांक (म्हणजे पृष्ठभाग गोणीला किती अडवतो त्याचा आकडा) ०.५ धरला तर ५० किलोची गोणी वर ओढायला जवळपास ४७ किलोचा जोर लागतो, म्हणजे सरळ उचलल्यासारखंच झालं की! गुळगुळीत पत्र्यावर ०.२ धरला तर ३४ किलो. पण मला विचाराल तर खरी गंमत लांबीत आहे, तोच पत्रा ९ फुटाचा घेतला की २६ किलोवर येतं.

उतरवताना उलटं. ३० अंशावर पत्र्यावरून गोणी सुसाट येते आणि खाली उभ्या माणसाच्या पायावर आदळते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लाकडावर हळू येते, आणि ९ फुटी फळीवर तर ढकलल्याशिवाय हलतच नाही, मग गोणी हलकी असो वा जड, घसरेल का नाही ते कोन आणि घर्षणच ठरवतं.

टिकायला पत्रा बरा, फक्त गंज सांभाळा. फळी स्वस्त पण पावसात भिजून कुजते. ओल्या पत्र्यावर मात्र पाय ठेवू नका.

रोज माल चढवायचा असेल तर लांब पत्रा घ्या. उतरवायचंच काम जास्त असेल, त्यात घरची पोरं हाताखाली असतील, तर फळीच.