जुन्या व्हायोलिनची दुरुस्ती आणि बंद पेटीच्या आत झालेली फसवणूक

जुन्या व्हायोलिनच्या दुरुस्तीतली फसवणूक बहुधा पेटीच्या, म्हणजे वाद्याच्या पोकळ धडाच्या, आत होते, आणि वरची फळी पुन्हा चिकटवून पेटी बंद झाली की आत काय केले आहे हे वादकाला दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. ज्याने हे केले त्याचे नाव मी येथे देणार नाही. मात्र काय केले गेले, ते कशावरून उघडकीस आले आणि वाद्य हातातून सोडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवून घेता येतात, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण वाद्य उत्तम वाजवणाऱ्या पुष्कळ जणांना त्याच्या आतली रचना कोणी कधी उघडून दाखवलेली नसते.

हे व्हायोलिन माझ्या गुरूंकडून माझ्याकडे आले. ते कोणा नामांकित कारागिराच्या हातचे नव्हते. १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन परिसरातून जी असंख्य व्हायोलिने जगभर गेली, त्यांतलेच ते एक होते. पण त्याचे लाकूड चांगले होते, व्हार्निश मूळचे होते आणि खालच्या सप्तकात त्याचा आवाज भरदार लागत असे. कालांतराने वरच्या फळीचा सांधा एका कडेला सुटला आणि पाठीच्या फळीवर, साउंडपोस्टच्या जागी, एक बारीक चीर दिसू लागली.

ही चीर कुठे आहे याला फार महत्त्व असते. साउंडपोस्ट म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाडीची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची दांडी. ती चिकटवलेली नसते. तारा ज्या उभ्या लाकडी पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये ती नुसती घट्ट उभी असते. चारही तारांचा ताण मिळून साधारण २० ते २५ किलो भरतो, आणि त्यातला जो दाब घोडीवाटे खाली येतो त्याचा मोठा वाटा ही दांडी पाठीवर टेकवते. म्हणून त्या जागची चीर वरून चिकटवून टिकत नाही. योग्य पद्धत अशी की, पेटी उघडायची, पाठीचा उठाव बिघडू नये म्हणून आधी प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, चिरेच्या भोवती आतून लाकूड उथळ वाटीसारखे कोरायचे आणि त्यात पाठीच्याच जातीच्या लाकडाचा, म्हणजे मेपलचा, तुकडा, रेषांची दिशा जुळवून, खडूची भुकटी लावून पुन्हा पुन्हा तपासत, कुठेही फट राहणार नाही असा बसवायचा. यालाच साउंडपोस्ट पॅच म्हणतात. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यामुळेच महागही आहे.

दुरुस्तीकाराने मला हे सगळे अगदी बरोबर समजावून सांगितले होते. त्याचे ज्ञान खोटे नव्हते. पेटी पूर्ण उघडावी लागेल, पॅच बसवावा लागेल, सांधा गरम सरसाने पुन्हा जोडावा लागेल, असे सांगून त्याने त्याच कामाचे पैसे घेतले आणि मोठा भाग आगाऊ मागून घेतला. काम चालू असताना ‘आत्ता पेटी उघडी आहे, धूळ बसेल, येऊ नका’ असे उत्तर मिळत राहिले. जे पाहण्यासाठी जायला हवे तेच न पाहण्याचे कारण म्हणून पुढे केले जात होते. खऱ्या कारागिराला उघडी पेटी दाखवण्यात अभिमान वाटतो. त्याच्या कामाचा सर्वांत कठीण भाग दिसण्याची ती एकमेव वेळ असते.

वाद्य परत आले तेव्हा ते लखलखत होते आणि आवाजही आधीपेक्षा मोकळा व मोठा वाटत होता. शिवाय एक ‘शोध’ सोबत आला होता. पेटी उघडल्यावर जुन्या काजळीखाली एक लेबल सापडले, त्यावर स्ट्राडिव्हारी या विख्यात इटालियन व्हायोलिनकाराचे लॅटिन नाव आणि १७०० नंतरचे साल आहे, तेव्हा प्रमाणपत्र करून घ्यावे आणि त्यासाठी वेगळे शुल्क भरावे, असा आग्रह सुरू झाला. आन्तोनिओ स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये वारला आणि त्याची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज शिल्लक असल्याचे मानले जाते. मात्र त्याच्या नावाची छापील लेबले १९व्या शतकापासून कारखानी व्हायोलिनांत सर्रास चिकटवली गेली. ती प्रत्येक वेळी फसवण्यासाठीच असत असे नाही, कोणत्या नमुन्यावरून वाद्य घडवले हे सांगण्याची ती एक रीत होती. पण लेबल हा वाद्याच्या ओळखीचा सर्वांत दुबळा पुरावा आहे, कारण तो कागद केव्हाही, कोणीही बदलू शकतो. प्रमाणपत्राचे शुल्क मी दिले नाही आणि बहुधा त्यामुळेच पुढच्या दुरुस्तीच्या प्रश्नांना उत्तरे मिळणे बंद झाले.

काही महिन्यांत तारा फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या काळ्या पट्टीच्या, जवळ येऊ लागल्या, घोडीच्या जाड तारेकडच्या बाजूला वरची फळी किंचित खचलेली दिसू लागली आणि पाठीवरची चीर पुन्हा उमटली. बोटांना काळा रंग लागत होता तो वेगळाच. तेव्हा मी वाद्य एका जाणत्या कारागिराकडे नेले. त्यांनी प्रथम काहीच उघडले नाही. शेपटीकडची खुंटी काढून त्या भोकातून आत प्रकाश सोडला, बारीक तारेकडच्या एफ आकाराच्या खाचेतून दंतवैद्याच्या आरशासारखा छोटा आरसा घातला आणि मला म्हणाले, “पॅच बसवला असता तर इथे अंडाकृती कड दिसली असती. तुम्हीच बघा.” तेथे कड नव्हती. दांडीच्या पायाशी फक्त काचेसारखा चकाकणारा, ओघळून सुकलेला थेंब होता. चिरेत बाहेरून झटपट चिकटणारा गोंद सोडला होता आणि तो आतपर्यंत झिरपला होता.

यानंतर माझ्यासमोर पेटी उघडली गेली. सरसाने जोडलेली फळी पातळ सुरी, थोडी ऊब आणि ओलावा यांनी सुटते. तशी ती सुटावी म्हणूनच व्हायोलिन घडवणारे शतकानुशतके प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरत आले आहेत. हवा कोरडी होऊन लाकूड आक्रसले तर आधी सांधा उघडतो आणि फळी चिरण्यापासून वाचते, हाही त्या सरसाचा गुण आहे. माझ्या वाद्याचा सांधा मात्र सुटता सुटत नव्हता. तेथे सुतारकामाचा पांढरा गोंद भरला होता आणि फळी काढताना कडेचे स्प्रूसचे तंतू उचकटले. ते पाहताना जे वाटले ते लिहिणे कठीण आहे.

फळी उलटी ठेवल्यावर मात्र सगळा उलगडा झाला. जुन्या व्हायोलिनचे आतले लाकूड सहसा व्हार्निशविना असते आणि काळाच्या ओघात तपकिरी होते. येथे बेसबारच्या, म्हणजे वरच्या फळीला आतून लांबीने चिकटवलेल्या लाकडी पट्टीच्या, दोन्ही बाजूंना फिकट, ताज्या लाकडाचे रुंद पट्टे होते आणि त्यांवर पॉलिशपेपरच्या आडव्या रेघा स्पष्ट होत्या. फळी आतून तासली होती. स्प्रूसची वरची फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. मोजमापाच्या कंपासाने तपासता ती काही ठिकाणी २ मिलिमीटरच्याही खाली भरली. परत मिळाल्यावर आवाज मोकळा वाटला होता तो यामुळे. पातळ केलेली फळी सुरुवातीला सहज कंप पावते, वादक खूश होतो, पैसे चुकते होतात आणि मग ताणाखाली फळी बसू लागते. काढलेले लाकूड परत येत नाही. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत क्रूर वाटते ती ही गोष्ट, कारण न बसवलेला पॅच नंतर बसवता येतो, चुकीचा गोंद कष्टाने का होईना खरवडता येतो, पण तासलेल्या फळीला आतून नवे लाकूड चढवणे हा नाइलाजाचा उपाय असतो.

लेबलाची गोष्ट भिंगाखाली एका क्षणात संपली. अक्षरे शाईच्या सलग रेघांची नव्हती, रंगीत प्रिंटरच्या बारीक ठिपक्यांची होती आणि कागदाचा पिवळेपणा कडांना गडद, मध्ये फिकट, असा मुद्दाम आणलेला होता. त्याच्या शेजारी पाठीच्या लाकडावर एक फिकट चौकोन उरला होता, नव्या लेबलापेक्षा मोठा. मूळ लेबल तेथे होते. ते कुठे गेले ते मला कधीच कळले नाही. फिंगरबोर्डही माझा नव्हता. मूळचा एबनीचा (आबनूसचा), वजनदार. त्याच्या जागी काळे रंगवलेले हलके लाकूड बसवले होते, ज्याच्या खालच्या बाजूला, कोणी पाहत नाही तेथे, रंगसुद्धा नीट पोचला नव्हता. अंधारात अतिनील दिवा धरल्यावर मूळ व्हार्निश आणि त्यावर फवारलेला आधुनिक लॅकरचा थर वेगवेगळ्या रंगांत उजळले. मूळ व्हार्निश काही भागांत खरवडूनच टाकले होते. जुन्या वाद्याच्या मोलाचा मोठा हिस्सा त्या व्हार्निशमध्ये असतो, म्हणून चांगला कारागीर ते केवळ स्वच्छ करतो आणि जिथे उडाले आहे तेवढ्याच जागी रंग जुळवतो. दुरुस्तीहून वाद्य नव्यासारखे चमकत आले तर आनंद मानण्याआधी कडांवरचे आणि हनुवटीच्या जागेवरचे जुने झिजेचे ठसे शिल्लक आहेत का ते पाहावे.

आता ज्यांचे वाद्य दुरुस्तीला जायचे आहे त्यांच्यासाठी. देण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पाठीच्या मेपलवरचे पट्टे, शंखाकार डोके, खुंट्या, फिंगरबोर्डची खालची बाजू आणि खाचेतून दिसणारे लेबल ही त्यांत हवीतच. मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा मिळाला तर आतलेही चित्रण करून ठेवावे. गज (बो) सोबत दिला असेल तर त्याच्या काठीवरचा शिक्का, मुठीकडचा केस अडकवायचा ठोकळा आणि वजन नोंदवावे. पर्नाम्बुको या ब्राझीलमधल्या लाकडाच्या जुन्या काठ्या आज दुर्मीळ आहेत आणि केस बदलायला दिलेल्या गजाऐवजी दुसराच परत येतो, असेही ऐकले आहे. पावतीवर ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द मान्य करू नये. पेटी उघडणार की नाही, पॅच कोणत्या जागी, सांध्याला कोणता सरस, व्हार्निशला हात लावणार का, फळीची जाडी कमी करणार नाही, हे सर्व स्पष्ट लिहून घ्यावे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी मोडकी खुंटी किंवा जुनी घोडीसुद्धा, परत मिळेल ही अट घालावी. पेटी बंद करण्याआधी प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क राखून ठेवावा, आणि अंतरामुळे जाणे शक्य नसेल तर उघड्या पेटीची छायाचित्रे मागावीत, ज्यांत पाठ आणि तिची आतली बाजू एकाच वाद्याची आहे हे ओळखता येईल. रकमेचा शेवटचा भाग त्यानंतरच द्यावा.

माझे वाद्य सध्या दुसऱ्या कारागिरांकडे आहे. पाठीचा पॅच आता खरोखर बसला आहे आणि त्याच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र त्यांनी न मागता दिले. वरची फळी आतून आधार देऊन वाचवायची की वाद्य हलक्या ताणाच्या तारांवर वाजवत राहायचे, हे अजून ठरलेले नाही. त्यांचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या फळीवर आणखी हत्यार चालवण्याआधी तिला वर्षभर तसेच राहू देऊन ती किती बसते हे मोजणे योग्य ठरेल.