चोवीस व्होल्टचा प्रोब टेस्टर: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत एक नवीन हत्यार मांडलं होतं. ऑनलाइन मागवलेला, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, १२-२४ व्होल्टवर चालणारा प्रोब टेस्टर. साडेतीन हजाराला पडला. माझं काम कळंबोलीत, स्टील मार्केटच्या बाजूला, ट्रक आणि ट्रेलरच्या वायरिंगचं. एकवीस वर्षं टेस्ट लॅम्पवर काढली. होल्डरमध्ये २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, एकीला क्लिप, दुसरीला घासून टोक काढलेली सळई. असल्या जुगाडाला शंभर रुपये लागत नाहीत, त्यामुळे साडेतीन हजार मोजताना हात आखडला होता. आता आषाढ सरत आला. तेवढ्यात प्रोबने काय दिलं आणि काय खाल्लं ते लिहितो.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: लाल-काळ्या दोन क्लिपा गाडीच्या बॅटरीला लावायच्या. हातात जाड पेनासारखा दांडा, पुढे सुई. सुई टेकवली तिथे प्लस असेल तर लाल दिवा, अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसची वाट) असेल तर हिरवा, आणि बारक्या पडद्यावर व्होल्ट. अंगठ्याखाली बटण. पुढे दाबलं की सुईतून बॅटरीचं प्लस बाहेर येतं, मागे दाबलं की अर्थ. पैसे या बटणाचे. बाकी सगळं तीनशेचा मीटरही सांगतो.

बटणाचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळला. वायपर बंद असलेली गाडी आली की पूर्वी बॅटरीपासून केबिनपर्यंत वायर ओढायचो, तिला फ्यूज लावायचो, मग मोटरला डायरेक्ट देऊन बघायचो. आता मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर, सुई टेकवून बटण दाबतो. फिरली तर मोटर निर्दोष, मग फ्यूज, रिले, स्विच बघायचे. हॉर्न, एअर ड्रायरचा हीटर, मार्कर लाइट, सगळ्याला हेच. सेल्फच्या सोलेनॉइडला द्यायला गेलो तर आतला ब्रेकर टक करून पडला. आठ अँपिअरचा आहे, थंड झाला की आपोआप उठतो. तेवढी अक्कल बनवणाऱ्याने ठेवलीय.

पण पैसे खरे वसूल झाले ते डिसेंबरात, एका चाळीस फुटी ट्रेलरवर. उरणच्या बाजूला पोर्टात कंटेनर टाकून आलेली गाडी, ड्रायव्हर पाथर्डीचा. म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक दाबला की मागचे टेल मंद पेटतात, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट लुकलुकतात. सरळ रस्त्याला बरं चालतं, वळणावर येडं होतं. तीनदा बल्ब बदलले, एकदा फ्लॅशर." एका ठिकाणी त्याला पूर्ण लूम, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचं सांगितलं होतं.

या लक्षणाला अर्थ सोडून दुसरं कारण मी फारसं बघितलेलं नाही. करंटला परत जायला वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून उलटा फिरून वाट काढतो, आणि जो बल्ब लावलाच नाही तो पेटतो. हे मला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ड्रायव्हरला, त्याच्या फोनवरच्या मालकाला पटवणं वेगळं. क्लिपा हॉर्सच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) बॅटरीला लावल्या, सुई ट्रेलरच्या चॅसिसवर रंग खरवडून टेकवली. पडद्यावर ०.०. ड्रायव्हरला म्हटलं, ब्रेक दाब. ६.८ झाले. म्हणजे जी चॅसिस अर्थ म्हणवते ती बॅटरीच्या मायनसपेक्षा जवळपास सात व्होल्ट वर तरंगतेय. ब्रेक सोडला, परत शून्य. मग ब्रेक दाबलेलाच ठेवून त्याच जागी बटण मागे दाबलं, म्हणजे प्रोबमधून अर्थ दिला. मागचे दोन्ही दिवे ढाण् करून लाल झाले. मालक व्हिडिओ कॉलवर होता, त्याने पुढे एक शब्द विचारला नाही.

दोष हॉर्स आणि ट्रेलरच्या वायरी जोडणाऱ्या सात पिनच्या कपलरमध्ये होता. एक नंबरच्या पिनला पांढरी वायर येते, ती अर्थ. स्क्रू सोडला तर तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. इन्सुलेशन सोलत गेलो, चार बोटं आतपर्यंत काळी. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, नवीन लग दाबला, वर हीट श्रिंक. आधीच्या मिस्त्रीने चॅसिसला एक जादा अर्थ मारला होता, पण बोल्ट रंगावरच आवळलेला. सरळ रस्त्यावर चालायचं कारण फिफ्थ व्हील, म्हणजे हॉर्सवरची तबकडी, जिच्यात ट्रेलरची खुंटी (किंगपिन) अडकते: किंगपिनच्या ग्रीसमधून लोखंडाला लोखंड टेकलं की अर्थ मिळायचा, वळलं की सुटायचा. खाडीची हवा आणि पोर्टाबाहेरच्या रांगा, या पट्ट्यात पांढरी वायर सगळ्यात आधी मरते. दर पावसाळ्याआधी तो एक स्क्रू उघडून बघा, बाकी गाडीला हात नका लावू.

आता तक्रारी. पहिली तक्रार प्रोबची नाही, पडद्याची आहे, आणि ती प्रत्येक डिजिटल मीटरची असते. पडद्यावर २४ दिसले म्हणून करंट पोचतोय असं नाही. कपलर काढून व्होल्ट बघणं म्हणजे नळ बंद असताना पाइपातलं प्रेशर बघणं. सोसायटीत पाणी येतं का ते नळ सोडल्यावरच कळतं ना? तळोज्याचा एक डंपर आला होता, उजवा हेडलाइट पिवळट. कपलर काढून सुई घातली: २४.९. बल्ब लावला, कपलरच्या मागून सुई सरकवून लाइट चालू केली: १८.६. अर्थाच्या बाजूला ०.१, म्हणजे अर्थ ठीक. सहा व्होल्ट प्लसच्या वाटेत कुठेतरी गळत होते. मागे मागे येत फ्यूज बॉक्सपर्यंत आलो. फ्यूज शाबूत, पण त्याच्या पायाची खाच ढिली पडून तपकिरी झालेली. सहा व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर, म्हणजे पंधरा वॅटची उष्णता एवढ्याशा प्लास्टिकमध्ये. अजून महिनाभर चालला असता तर धूर निघाला असता. या कामात प्रोब मीटरपेक्षा बरा, कारण काळी क्लिप बॅटरीवरच असते, अर्थ शोधत फिरावं लागत नाही. पण लोड लावूनच बघायचं हे प्रोब शिकवत नाही, ते टेस्ट लॅम्पने शिकवलं. सडलेल्या जॉइंटवर २१ वॅटचा बल्ब लगेच मान टाकतो, पडदा मात्र छाती काढून २४ दाखवतो. म्हणून जुना लॅम्प अजून टूलबॉक्समध्ये वरच्या कप्प्यात आहे.

दुसरी गोष्ट महागात गेली, आणि ती चूक आमची. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत सेन्सरांचं जाळं असतं आणि बऱ्याच सेन्सरांना पाच व्होल्ट मिळतात, चोवीस नाही. फेब्रुवारीत एक टिपर पिकअप घेत नव्हता. मी जेवायला गेलो होतो. भाचा हाताशी असतो, उत्साही पोरगा, त्याने रेल प्रेशर सेन्सरच्या तीन वायरींवर सुई फिरवली आणि मधल्या वायरीवर बटण दाबलं. "मामा, मी फक्त चेक केलं." सेन्सर गेला. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वाचला हे नशीब, नाहीतर दुकान विकायला लागलं असतं. सेन्सरचे पैसे मी भरले, मालकाला कारणही खरं सांगितलं. आता नियम असा की ईसीएमकडे जाणाऱ्या वायरीजवळ प्रोब न्यायचाच नाही. तिथे साधा मल्टिमीटर, आणि टेस्ट लॅम्पसुद्धा नाही, कारण बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा सोसायला आतलं सर्किट बनवलेलंच नसतं.

कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींचं तेच. बॅटरी कटऑफ करून मीटरने दोघींमधला ओहम बघायचा. दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोघी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. डॅशबोर्डवर दिवाळीसारखे सगळे दिवे लागले की मी आधी हे बघतो, स्कॅनरवाल्याला नंतर फोन. प्रोबवर ओहम मोजायची सोय आहे म्हणे, मी तिच्यावर कधी विसंबलो नाही.

बॅटरी रात्रीत उतरते या तक्रारीलाही प्रोब निरुपयोगी. अँपिअर दाखवतच नाही. त्याला डीसी क्लॅम्प मीटर लागतो, तो वेगळा घ्या. बहुतेक वेळा जीपीएसवाल्याने कटऑफ स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडलेली वायर सापडते.

बनावटीबद्दल. केबल सहा मीटर, ट्रकला पुरते, ट्रेलरच्या शेपटाला नाही. मी अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरने आठ मीटरची जोड बनवली. बारीक वायरीने बनवू नका, व्होल्ट तिथेच पडतील आणि तुम्ही गाडीत फॉल्ट शोधत बसाल. उन्हात पडदा दिसत नाही, केबिनची सावली धरून बघावं लागतं. सुईजवळची टॉर्च मात्र फार कामाची, डॅशखाली झोपल्यावर तोंडात मोबाइल धरायला लागत नाही. बझरचा आवाज इतका कर्कश की शेजारचा पंक्चरवाला वैतागला, मी त्यावर टेपचा तुकडा लावलाय. ग्रीस जाऊन बटण मे महिन्यात अडकायला लागलं, दाबलेलंच राहिलं तर सुईत प्लस जिवंत, हे धोक्याचं. उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तेव्हापासून ठीक. क्लिपांचे दात जूनच्या पहिल्या पावसात गंजले, त्या काढून इथल्याच दुकानातून जाड पितळी लावल्या, जोडीला ऐंशी रुपये.

वॉरंटी सहा महिन्यांची लिहिली होती. बटणाचं सांगायला विक्रेत्याला मेसेज केला, उत्तर आलं की माल पाठवा, कुरिअर तुमचं. कुरिअरपेक्षा क्लीनरचा डबा स्वस्त पडला.