बाल्कनीतलं आल्पेनरोझ: फेरुजिनियम घ्यावं की हिर्सुटम?

म्युनिकमध्ये राहून कुंडीत आल्पेनरोझ, म्हणजे आल्प्समधलं रानटी ऱ्होडोडेंड्रॉन, लावायचं मनात असेल, तर नर्सरीत दोन नावं समोर येतात: ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम आणि ऱ्होडोडेंड्रॉन हिर्सुटम. दोन्ही आल्प्समधली बुटकी सदाहरित झुडपं, दोघांचंही नामकरण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं केलेलं, १७५३ सालचं. मी दोन्ही वाढवली आहेत.

दिसण्यात फेरुजिनियम उजवं, हे मान्य करायलाच हवं. फुलं गडद, घोस भरगच्च. पान उलटलं की खाली तपकिरी खवल्यांचा दाट थर. हिर्सुटमचं फूल जरा फिकं. त्याचं पान खालूनही हिरवंच, खवले तुरळक, पण कडेला बारीक केस. उजेडासमोर धरलं की पापणीसारखे दिसतात. मला ते फार आवडतात.

खरा फरक जमिनीचा. फेरुजिनियमला आम्लधर्मी माती हवी; मध्य आल्प्समध्ये, त्सिलरटाल खोऱ्याच्या बाजूला, जून-जुलैत ते उतारच्या उतार लाल करतं. हिर्सुटम चुनखडीवरचं. कारवेंडेल डोंगररांगेत दगडगोट्यांच्या घसरणीतही ते तग धरतं.

आता म्युनिकच्या नळाचं पाणी. किटलीत पांढरा थर बसतो, तोच चुना कुंडीतही उतरतो. मातीचं आम्ल कमी होतं, मुळांना लोह मिळेनासं होतं. फेरुजिनियमची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर उपाय पावसाच्या पाण्याचा. पण वरच्या मजल्याच्या बाल्कनीनं झाकलेल्या बाल्कनीत ते येणार कुठून? खालच्या अंगणातल्या पिंपातून कॅन भरायचा आणि जिने चढायचे. त्यातही ऐन उन्हाळ्यात कुंडी रोज पाणी मागते आणि नेमकं तेव्हाच पिंप कोरडं. मला याचाच कंटाळा आला. हिर्सुटम त्याच नळाच्या पाण्यावर हिरवंगार आहे. पाण्याचा निचरा मात्र चांगला हवा.

तुमच्याकडे अंगण आणि पन्हळीखाली पिंप असेल, तर फेरुजिनियम जरूर लावा. कदाचित तुमचा अनुभव वेगळा येईल. हिवाळ्यात दोघांनाही जपावं लागतं. डोंगरावर ती बर्फाखाली सुरक्षित असतात, बाल्कनीत कोरड्या वाऱ्यानं पानं करपतात. वर फरच्या फांद्या टाकाव्यात. दोन्ही विषारी आहेत, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर.

घेताना नुसत्या लेबलवर जाऊ नका, कारण दोघांचा संकरही होतो. कडेला भरपूर केस आणि खालून हिरवं, असं पान असेल तरच ते हिर्सुटम समजा.